पहिला तंबू घेताना : थोड्या पैशांत कुटुंबाची शिबिर-तयारी



स्काउट-गाइडच्या शिबिराहून मुले परत आली की घरोघरी एकच हट्ट सुरू होतो, "आपणही एकदा तंबूत राहू या!" हा हट्ट चांगला आहे. एक रात्र उघड्या आभाळाखाली काढली म्हणजे मुलांना पाणी जपून वापरणे, अंधारात न घाबरणे आणि आपले सामान आपण आवरणे या तीन गोष्टी न शिकवता येतात. मात्र पालकांचा प्रश्नही तितकाच रास्त असतो. पैसे किती घालावेत आणि कशात घालावेत? हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, पण तंबूला असते. म्हणून या अंकात हा पाठ.

पाठाचे सार आधीच सांगतो. पैसे मोजके असतील तर ते पाणी अडवणाऱ्या आणि जमिनीची थंडी अडवणाऱ्या वस्तूंत घालावेत. बाकीचे बहुतेक सामान आपल्या घरातच असते.

तंबू आणि आपण

ग्वाल्हेरकरांना तंबू परका नाही. ज्या भागाला आपण लष्कर म्हणतो, ते नावच छावणीचे आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज अशाच तळांबरोबर इकडे आले. राहुटी, डेरा, कनात, मेख, तणावा हे शब्द मराठीत त्याच जीवनातून रुळले. मेख म्हणजे जमिनीत ठोकायची खुंटी आणि तणावा म्हणजे तंबू ताणून धरणारी दोरी. दुकानदार यांना 'पेग' आणि 'गाय रोप' म्हणेल, वस्तू त्याच.

जुने तंबू जाड सुती कापडाचे असत. सुती धागा भिजला की फुगतो, विणीतली छिद्रे बुजतात आणि पाणी अडते. पण असा तंबू फार जड असतो व सुकायला वेळ घेतो. आजचे कौटुंबिक तंबू बहुधा पॉलिस्टरचे असतात. हा धागा फुगत नाही, म्हणून कापडावर पाणी अडवणारा लेप द्यावा लागतो. तंबूचे खरे मोल या लेपात व शिवणीत असते. रंगात आणि खिडक्यांच्या संख्येत नसते.

१. माप : 'चार माणसांचा' म्हणजे किती?

पिशवीवर 'चार व्यक्ती' असे छापलेले असते. साधारण अशा तंबूची जमीन २४० सें.मी. रुंद व २१० सें.मी. लांब असते. २४० ला ४ ने भागा. प्रत्येकाच्या वाट्याला ६० सें.मी. येतात, म्हणजे जेमतेम दोन फूट. त्यात कूस बदलायची, आणि सामानाला जागा वेगळी नाही. म्हणून सोपा नियम असा की घरात जितकी माणसे, त्याहून निदान एक जास्त आकड्याचा तंबू घ्यावा. मुले लहान असतील तर चौघांच्या कुटुंबाला चारचा तंबू कसाबसा पुरतो. मुले आठवी-नववीत असतील तर पुरत नाही.

विकत घेण्यापूर्वी एक प्रयोग घरी करा. तंबूचे माप खडूने फरशीवर आखा आणि सगळ्यांनी त्या चौकटीत सामानासह पाच मिनिटे झोपून बघा. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

२. पाणी : आकड्याचा अर्थ

'वॉटरप्रूफ' आणि 'वॉटर रेझिस्टंट' या शब्दांत फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ फक्त एवढाच की थोडा वेळ पाणी आत येणार नाही. शब्दांवर न जाता आकडा पाहावा. चांगल्या तंबूवर '१५०० मि.मी.' किंवा '२००० मि.मी.' असे लिहिलेले असते. याचा अर्थ, त्या कापडावर तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर तोवर कापड गळत नाही. वरच्या आवरणाला निदान १५०० मि.मी. हवेत. तळाला त्याहून बरेच जास्त हवेत. का, ते नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी गणिताने पाहावे.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो भार टाकतो. म्हणजे १००० मि.मी. स्तंभ दर चौ.सें.मी.वर १०० ग्रॅम. आता ४० किलो वजनाचा मुलगा घ्या. तो आडवा झोपला आणि त्याचा भार समजा ४००० चौ.सें.मी.वर पसरला, तर दाब १० ग्रॅम, म्हणजे केवळ १०० मि.मी. स्तंभाइतका. तो उभा राहिला आणि पावलांखाली २०० चौ.सें.मी. जागा आली, तर २०० ग्रॅम, म्हणजे २००० मि.मी. तोच गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही गुडघ्यांखाली मिळून ८० चौ.सें.मी. जागा आली, तर ५०० ग्रॅम, म्हणजे ५००० मि.मी.!

यावरून दोन गोष्टी कळतात. जमीन ओली असेल तर पातळ तळातून गुडघ्याखाली पाणी वर येते, आणि तिथे एक जाड सतरंजी टाकली तर भार पसरून पुष्कळ फरक पडतो. मुलांनो, भौतिकशास्त्राचा उपयोग काय असे विचारता ना? हा उपयोग.

तंबूच्या तळाखाली ताडपत्री घालावी. ती तळाहून चारही बाजूंनी थोडी लहान असावी. मोठी असली तर वरून ओघळणारे पाणी ताडपत्रीवर पडून नेमके तंबूखाली साचते. नसलेल्या गळतीला आपणच वाट करून देतो.

शिवणीही पाहाव्यात. सुईचे प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याची एक वाट. आतल्या बाजूने शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली दिसली तर तंबू काळजीने बनवला आहे असे समजावे.

३. दोन थर की एक?

स्वस्त तंबू पुष्कळदा एका थराचे असतात. रात्रभरात एका मोठ्या माणसाच्या श्वासातून व त्वचेतून अंदाजे पाव लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. चौघांचे जवळपास एक लिटर. ही वाफ थंड कापडाला लागून थेंब होते आणि सकाळी अंथरुणे दमट लागतात. लोक म्हणतात तंबू गळला. प्रत्यक्षात ते आपल्याच श्वासाचे पाणी असते. दोन थरांच्या तंबूत आतला थर जाळीचा किंवा श्वास घेणाऱ्या कापडाचा असतो व थेंब बाहेरच्या थरावरून ओघळून जातात. म्हणून थोडे जास्त पैसे देऊन दोन थरांचाच तंबू घ्यावा, आणि थंडी असली तरी हवेची झरोकी उघडी ठेवावी.

काठ्या दोन प्रकारच्या मिळतात. फायबर ग्लासच्या स्वस्त पण जड असतात व वाकवताना उभ्या चिरतात. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या पण महाग. मोटारीने किंवा रेल्वेने जाणाऱ्या कुटुंबाला फायबर ग्लास चालते. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढायचा असेल तरच जास्त खर्च करावा.

४. झोप : खालची थंडी

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा पुष्कळदा ५ अंशांच्या जवळ किंवा खाली येतो. अशा रात्री दोन रजया पांघरूनही माणूस कुडकुडतो, कारण उष्णता खालून जमिनीत जाते. अंगाखाली दबलेल्या कापसात हवा उरत नाही आणि हवा नसली की ऊब नाही. म्हणून अंगावरच्या पांघरुणाआधी अंगाखालच्या फोमच्या मॅटचा विचार करावा. ती स्वस्त असते, फुटत नाही, भिजली तरी पाणी शोषत नाही.

स्लीपिंग बॅग पहिल्या वर्षी घेऊ नये. घरच्या गोधड्या व रजया पुरतात. पुढे घ्याल तेव्हा लेबलवर तापमानाचे दोन-तीन आकडे दिसतील. त्यांतला 'कम्फर्ट' हाच आकडा आपला. 'एक्स्ट्रीम' म्हणजे कसाबसा जीव तगण्यापुरती मर्यादा. तो आकडा मोठ्या अक्षरांत छापून विकणारे दुकानदार असतात. पहिले शिबिर मात्र कडक थंडीत न करता नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीच्या शेवटी करावे.

५. दहा हजारांची वाटणी

समजा चौघांच्या कुटुंबाने १०,००० रुपये बाजूला काढले आहेत. बाजारभाव बदलतात, म्हणून खालील आकडे किमती नसून आपण आपल्यालाच घालून घेतलेल्या मर्यादा आहेत :

- दोन थरांचा तंबू : ६,००० रु.
- फोमच्या चार मॅट, प्रत्येकी ५०० : २,००० रु.
- ताडपत्री : ५०० रु.
- डोक्याला बांधायचे दोन दिवे : ७०० रु.
- जादा मेखा, दोरी, चिकटपट्टी : ३०० रु.
- राखीव : ५०० रु.

काय घेऊ नये, तेही लिहून ठेवा. घडीच्या खुर्च्या-टेबल, खास शिबिराची भांडी, महागडा कंदील, तंबूतला पंखा. घरचा कुकर, स्टीलची ताटे, पाण्याची कॅन, सतरंजी आणि खोकल्याच्या औषधापासून पट्टीपर्यंतचा एक डबा एवढे पुरते. वस्तू एकदा न्यावी, तिची उणीव भासली तरच पुढच्या वेळी घ्यावी.

६. जिथे काटकसर करायची नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. तंबूच्या आत स्टोव्ह, अंगीठी, शेकोटीतले निखारे, काहीही पेटते नेऊ नये. थंडी कितीही असो, पाच मिनिटांसाठीही नाही. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला कितीतरी पटींनी घट्ट धरते, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या उत्तर भारतात हिवाळ्यात येतात. तंबू खोलीपेक्षा लहान असतो. विझत आलेले निखारे विझले असे समजू नये. तेच जास्त घातक असतात. शिवाय पॉलिस्टर आग लागताच वितळून अंगाला चिकटते. स्वयंपाक तंबूपासून पाच-सहा पावले दूर, उघड्यावर करावा. ऊब हवी असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवावे.

जागेबाबतही तडजोड नको. नाल्याच्या किंवा नदीच्या पात्रात तंबू लावू नये. वर कुठे पाऊस पडला किंवा धरणातून पाणी सोडले तर इथे आभाळ कोरडे असताना पाणी वाढते. वाळक्या फांद्यांखाली लावू नये. जंगलात वनविभागाच्या परवानगीविना रात्र काढू नये.

७. रंगीत तालीम

तंबू आणल्याच्या पहिल्याच रविवारी तो गच्चीवर उभा करावा. गच्चीत मेखा ठोकता येत नाहीत, म्हणून तणावे पाण्याने भरलेल्या बादल्यांना बांधावेत. मग बाहेरून दहा मिनिटे पाण्याची नळी सोडा आणि आत बसून पाहा. काठी, चेन, शिवण यांत दोष असेल तर तो घरीच कळतो व बदलून घेण्याची मुदतही हातात असते. अंधारात, टॉर्चच्या उजेडात, एकदा तंबू लावण्याचा सराव मुलांकडून करून घ्यावा.

परत आल्यावर तंबू पूर्ण वाळवून, सैल घडी घालून ठेवावा. ओला ठेवला तर बुरशी येते आणि लेप चिकट होऊन सुटू लागतो. आपल्याकडच्या मे-जूनच्या उन्हात तो दिवसदिवस उभा ठेवू नये. ऊन कापड कुजवते. पत्र्याच्या तापणाऱ्या खोलीतही ठेवू नये. एवढे सांभाळले तर एक तंबू मोठ्या भावाकडून धाकट्या बहिणीपर्यंत सहज पुरतो.

विश्वस्त मंडळास विनंती

आपल्या शाळेतली काही कुटुंबे १०,००० तर सोडाच, १,००० रुपयेही अशा कामासाठी बाजूला काढू शकत नाहीत. त्यांच्या मुलांनाही हा हट्ट करावासा वाटतोच, ती फक्त बोलत नाहीत. म्हणून माझी सूचना अशी की शाळेने दोन चांगले तंबू व आठ मॅट घ्याव्यात आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांप्रमाणे आठ दिवसांच्या बोलीवर पालकांना द्याव्यात. भाडे नको. परत करताना तंबू कोरडा असावा, एवढीच अट. देण्या-घेण्याची नोंद व तपासणी नववीचे विद्यार्थी करतील. पुस्तक सांभाळायला शिकलेली मुले तंबूही सांभाळतील.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातल्या प्रत्येकाची झोपण्याची रुंदी मोजा व कुटुंबाला किती रुंद तंबू लागेल ते काढा.

२. ओल्या पावलाचा ठसा चौकटीच्या कागदावर घेऊन त्याचे क्षेत्रफळ मोजा. एका पायावर उभे राहिल्यास तुमचा दाब किती मि.मी. पाण्याच्या स्तंभाइतका होईल?

३. वरील वाटणीतील रक्कम ७,००० रुपयांवर आणायची आहे. काय कमी कराल, काय उसने आणाल? कारणे लिहा व घरच्यांची सही घेऊन वर्गशिक्षकांकडे द्या.