दात येण्याचा काळ आणि बालकाचा आहार

दुपारची जेवणाची वेळ आहे. सव्वा वर्षाच्या मुलाला मांडीवर घेऊन आई वरणभाताचा घास त्याच्या तोंडाशी नेते. मूल मान फिरवते. मग चिऊचा घास होतो, काऊचा घास होतो, आजी दृष्टही काढून पाहतात. अखेर हात धरून घास तोंडात कोंबला जातो आणि मूल रडत तो थुंकून टाकते. 'दात येताहेत, दुसरे काय!' असे म्हणून घरातील मंडळी तो विषय सोडून देतात. घराघरांतून दिसणारे हे दृश्य क्षुल्लक वाटले, तरी त्यामागे बालकाच्या वाढीचा आणि प्रसंगी त्याच्या जीविताचा प्रश्न दडलेला असतो.

मूल का जेवत नाही?

साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास पहिले दात दिसू लागतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे २० दात पूर्ण होतात. यांपैकी एक ते दीड वर्षाच्या दरम्यान येणाऱ्या पहिल्या दाढा रुंद असल्याने त्या वेळी हिरड्या अधिक हुळहुळतात. चमचा हिरडीला लागला किंवा घास गरम अथवा तिखट असला, की मूल तोंड मिटून घेते. हा हट्ट नव्हे. बोलता न येणाऱ्या जीवाची ती तक्रार होय.

याला आणखी एक कारण आहे. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्माच्या वेळेपेक्षा सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते अवघे दोन ते अडीच किलोने वाढते. वाढीचा वेग मंदावला, की भूकही मंदावते. त्यातच जेवणाआधी दूध वा चहा-बिस्किट दिले गेल्यास इवलेसे पोट भरून जाते आणि ताट समोर येते तेव्हा भूक उरलेली नसते.

घरात काय करावे?

जेवणापूर्वी काही वेळ गार पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके मुलास चावावयास द्यावे किंवा धुतलेल्या बोटाने हिरड्या हलकेच चोळाव्यात. मऊ भात, नाचणीचे सत्त्व, दहीभात, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा असे मऊ व कोमट वा गार पदार्थ द्यावेत. घास थोडा असला तरी तो सकस असावा, म्हणून त्यात चमचाभर तेल वा तूप घालावे. दिवसातून तीन वेळा जेवण आणि एक-दोन वेळा खाऊ, असा क्रम ठेवावा. स्तनपान दोन वर्षांपर्यंत व त्यानंतरही चालू ठेवणे हितावह असते. गाजराचे कच्चे तुकडे वा शेंगदाणे मात्र देऊ नयेत. ते घशात अडकण्याचे भय असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सक्ती करू नये. घरातील सर्वांसमवेत मुलास बसवावे, त्याच्या हाताने खाऊ द्यावे आणि त्याने तोंड फिरवल्यास ताट शांतपणे उचलावे. कोंबलेल्या घासाने पोट भरत नाही. जेवणाची धास्ती तेवढी वाढते.

सारा दोष दातांना नको

दात येताना लाळ गळते, मूल किरकिरे होते, अंग किंचित कोमट लागते. परंतु अंगात फणफणता ताप किंवा वारंवार जुलाब हे दातांमुळे होत नाहीत. या वयात मूल रांगू लागते, हाती येईल ती वस्तू तोंडात घालते आणि आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती याच सुमारास कमी होत जाते. रोगजंतू या वाटेने शिरतात आणि आळ मात्र दातांवर येतो. 'दाताचे जुलाब' म्हणून थांबून राहण्यात मोलाचा वेळ जातो. जुलाब होताच जलसंजीवनीची एक पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजावे, स्तनपान व आहार चालू ठेवावा आणि आशा स्वयंसेविका वा आरोग्यसेविका यांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, पाणीही पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

गावाची जबाबदारी

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ झाला. या योजनेतून गावोगाव उभ्या राहिलेल्या अंगणवाडीत बालकांचे वजन नियमितपणे घेतले जाते. चार दिवस कमी जेवूनही वजन वाढत असेल, तर आईला धीर द्यावा. वजन वाढत नसेल, किंवा सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटीमीटरहून कमी भरला, तर त्या बालकाकडे तातडीने लक्ष पुरविले पाहिजे, ११.५ सेंटीमीटरहून कमी घेर हे तीव्र कुपोषणाचे लक्षण होय.

पंचायत सदस्यांनी पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण नियमित होते की नाही हे पाहावे. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय मांडावा. मूल जेवत नाही याचा ठपका घरोघरी एकट्या आईवर ठेवला जातो. तो दूर करून तिला योग्य माहिती, स्वच्छ पाणी आणि वेळेवर औषध मिळवून देणे, हे गावाचे कर्तव्य होय.