तिलावा बोटीची गोष्ट

मालवणच्या माणसाला बोट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पूर्वी मुंबईहून आगबोट येई. ती दूर समुद्रात नांगर टाकी आणि उतारू पडावात बसून किनाऱ्याला लागत. आज ती आगबोट नाही. पण मालवण, देवगड, वेंगुर्ले या बाजूला अजूनही पुष्कळ घरे अशी आहेत, की घरातला कोणी ना कोणी मोठ्या बोटीवर खलाशी आहे. अशा घरातली माणसे वारा सुटला की समुद्राकडे बघतात.

या पाठात आपण एका बोटीची खरी गोष्ट वाचणार आहोत. बोटीचे नाव तिलावा. ती १९४२ साली दुसऱ्या महायुद्धात बुडाली. ती का बुडाली, माणसे कशी वाचली आणि जी गेली ती कशामुळे गेली, हे आपण पाहू. यातली शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. ती आजही आपल्या उपयोगाची आहे.

बोट निघाली

तिलावा ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट. कोकणात हिला बी. आय. कंपनी म्हणत. बोट १९२४ साली इंग्लंडात बांधली होती. वजनमाप सुमारे १०,००० टन. मुंबई ते आफ्रिका अशा तिच्या फेऱ्या होत. आपल्याकडची माणसे धंद्यासाठी, नोकरीसाठी आफ्रिकेला जात. कोणी दुकान चालवी, कोणी कचेरीत काम करी, कोणी शिवणकाम करी.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी तिलावा मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटली. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. बोट मोंबासा, लॉरेंसो मार्किस (आजचे मापुटो) आणि डर्बन या बंदरांना जाणार होती. बोटीवर ७३२ उतारू होते. खलाशी आणि इतर नोकर मिळून २२२ होते. तोफा चालवणारे ४ होते. एकूण माणसे ९५८. यांत बायका होत्या, तान्ही मुलेही होती. पोटात सहा हजार टनांहून जास्त माल होता. त्यात सुमारे ६० टन चांदी होती. ती दक्षिण आफ्रिकेत नाणी पाडण्यासाठी चालली होती.

मध्यरात्रीचा धक्का

त्या वेळी जपान आणि इंग्लंड यांचे युद्ध चालू होते. अरबी समुद्रात जपानी पाणबुड्या फिरत होत्या. पाणबुडी पाण्याखालून चालते. ती पाणतीर सोडते. पाणतीर म्हणजे पाण्यातून धावत जाऊन बोटीवर फुटणारा मोठा बॉम्ब. त्याला टॉर्पेडो असेही म्हणतात.

२३ नोव्हेंबरची पहाट अजून व्हायची होती. रात्रीचे सुमारे दोन वाजले होते. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराची ती रात्र. तिलावा सेशेल्स बेटांच्या ईशान्येला सुमारे ९३० मैलांवर होती. चहूकडे पाणीच पाणी. माणसे झोपेत होती. इतक्यात आय-२९ नावाच्या जपानी पाणबुडीचा पाणतीर बोटीवर येऊन फुटला.

एकच आरडाओरडा झाला. जो तो जीवनौकांकडे धावला. जीवनौका म्हणजे मोठ्या बोटीच्या कठड्याला दोरांवर टांगलेली होडी. ती खाली सोडायची एक रीत असते. पुढचा दोर आणि मागचा दोर सारखा सोडावा लागतो. एक दोर पुढे सुटला आणि दुसरा अडला, की होडी तिरकी होते आणि माणसे पाण्यात पडतात. होडीत माणसे जास्त झाली तरी तेच. आपल्या तांडेलांना हे सांगायला नको. पण अर्धवट झोपेतून उठलेल्या, घाबरलेल्या उतारूला हे कोण सांगणार? अंधारात धक्काबुक्की झाली. त्या पहिल्या गोंधळातच पुष्कळ जीव गेले.

आणि खरी दुःखाची गोष्ट पुढेच आहे. बोट लगेच बुडाली नाही! ती तरंगत राहिली. थोडा वेळ हाताशी होता. रांगेने उतरले असते, तर त्यांतले कितीतरी जण वाचले असते. बोट तरंगते आहे असे पाहून काही माणसे परत तिच्यावर चढलीसुद्धा. तेवढ्यात दुसरा पाणतीर लागला. मग मात्र तिलावा तळाला गेली.

जो जागेवरून हलला नाही

या गोंधळात एक माणूस आपल्या जागी बसून होता. त्याचे आडनाव डंकन. तो बिनतारी यंत्रावरचा मुख्य अधिकारी होता. बोट कुठे आहे, तिला काय झाले, हे तो यंत्रावरून कळवत राहिला. तो जागा सोडून गेला नाही. तो बोटीबरोबरच बुडाला.

वाचलेली माणसे होड्यांत आणि तराफ्यांवर होती. दिवसा डोक्यावर ऊन, रात्री अंगावर गारठा. असे दोन दिवस गेले. २५ नोव्हेंबरला बर्मिंगहॅम नावाची इंग्रजी लढाऊ बोट तिथे पोचली. तिने ६७४ माणसे वर घेतली. कार्थेज नावाच्या बोटीला आणखी चौघे सापडले. एकूण वाचले ६७८. बर्मिंगहॅम २७ नोव्हेंबरला मुंबईला परत आली. अवघ्या सात दिवसांपूर्वी ज्या मुंबईहून ही माणसे निघाली, तिथेच ती अंगावरच्या कपड्यांनिशी उतरली. २८० जण परत आले नाहीत. त्यांत २५२ उतारू आणि २८ बोटीवरची नोकर माणसे होती.

दूरच्या देशाचे खलाशी

याच पाणबुडीने दहा दिवसांनी, ३ डिसेंबर १९४२ रोजी, बेलिटा नावाची तेलाची बोट बुडवली. ती नॉर्वे देशाची होती. तुम्ही म्हणाल, नॉर्वे कुठे आणि अरबी समुद्र कुठे!

नॉर्वे हा युरोपच्या उत्तरेचा देश आहे. तिथे थंडी फार. पण एका बाबतीत तो कोकणासारखा आहे. डोंगर थेट समुद्रापर्यंत येतात. खाड्या खोल आत शिरतात. जमीन थोडी, म्हणून माणसे समुद्रावर पोट भरतात. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि देश घेतला. तेव्हा त्यांच्या सुमारे एक हजार बोटी देशाबाहेर होत्या. त्या घरी परतल्या नाहीत. चार-पाच वर्षे त्यांनी दोस्त राष्ट्रांसाठी तेल, धान्य आणि सामान वाहिले. घरी बायकामुले, मध्ये शत्रू. पत्रसुद्धा मिळायची मारामार. नॉर्वेचे तीन हजारांहून अधिक खलाशी त्या युद्धात गेले.

आपले खलाशीही असेच गेले. इंग्रजी व्यापारी बोटींवर तेव्हा हिंदुस्थानचे सुमारे पन्नास हजार खलाशी होते. कोकणचे, गोव्याचे, गुजरातचे, बंगालचे. हातात बंदूक नाही, अंगात गणवेश नाही. कोणी सारंग, कोणी भट्टीत कोळसा टाकणारा, कोणी स्वयंपाकी. त्यांतले सहा हजारांहून अधिक युद्धात मेले. लढाईत मेलेल्या शिपायाची आठवण लोक ठेवतात. बोटीवर कोळसा टाकताना मेलेल्याची कोण ठेवतो?

पुढे काय झाले

पाणबुडी आय-२९ हिचे नाव आपल्या इतिहासात आणखी एका कारणाने येते. एप्रिल १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून मादागास्करजवळ आले. तिथे भर समुद्रात ते जपानी पाणबुडीत चढले. ती हीच आय-२९. पुढे जुलै १९४४ मध्ये अमेरिकन पाणबुडीने तिला फिलिपाइन्सजवळ बुडवले.

तिलावाची चांदी समुद्राच्या तळाशी, सुमारे अडीच किलोमीटर खोल पडून होती. २०१७ साली एका कंपनीने चांदीच्या २,३६४ लगडी यंत्राने वर काढल्या. ही चांदी कोणाची, यावर इंग्लंडच्या कोर्टात खटला चालला. २०२४ साली वरच्या कोर्टाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला.

चांदीची एकेक लगड मोजली गेली. माणसांची आठवण मात्र उशिरा झाली. तिलावाच्या मृतांसाठी पहिली स्मरणसभा मुंबईत बॅलार्ड इस्टेटला भरली, ती २३ नोव्हेंबर २०२२ रोजी. मध्ये ८० वर्षे गेली होती. वाचलेल्यांतले बहुतेक तोवर हे जग सोडून गेले होते.

आपण काय शिकायचे?

युद्ध संपले, पण पाणी तेच आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ नीलकमल नावाच्या उतारूंच्या बोटीला नौदलाची वेगाने धावणारी होडी धडकली. १५ माणसे गेली. पुष्कळांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते.

म्हणून आम्ही एवढेच सांगतो. किल्ल्यावर जायची लहान होडी असो नाहीतर परदेशी जाणारी मोठी बोट असो, चढल्याबरोबर जाकीट कुठे आहे ते बघा आणि अंगात घाला. होडीत किती माणसे घ्यायची ते पाटीवर लिहिलेले असते. ती पाटी वाचा. आता तुम्हाला वाचता येते! जास्त माणसे असतील तर तसे बोला. लाजू नका. मोठ्या बोटीवर आपली जीवनौका कितव्या नंबरची, तिथे कुठल्या जिन्याने जायचे, हे पहिल्याच दिवशी वाचून ठेवा. आणि संकट आलेच, तर आधी मुलाबाळांना धरा, रांग सोडू नका, सारंग काय सांगतो ते ऐका. समुद्र पुष्कळदा थोडा वेळ देतो. तो धक्काबुक्कीत घालवू नये.

नवे शब्द

पाणतीर – पाण्यातून जाऊन बोटीवर फुटणारा बॉम्ब
जीवनौका – संकटात जीव वाचवण्याची होडी
बिनतारी यंत्र – तारेशिवाय निरोप पाठवण्याचे यंत्र
लगड – चांदीची किंवा सोन्याची लांबट वीट

उत्तरे सांगा

१. तिलावावर उतारू ७३२, नोकर २२२ आणि तोफांवरचे ४ होते. बेरीज करून पाहा. त्यातून वाचलेले ६७८ वजा करा. किती उरतात?
२. पहिला पाणतीर लागल्यावर बोट लगेच बुडाली नाही. मग माणसे का बुडाली?
३. डंकनने काय केले? त्याचा उपयोग कोणाला झाला?
४. तुमच्या वाडीतले कोण बोटीवर होते? त्यांचे नाव, गाव आणि बोटीचे नाव वहीत लिहून आणा.