आधी नेट बंद करून बघा

तारापूरजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर तारे टिपायला येणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमचं सॉफ्टवेअर नेटशिवाय चालतं का? पैसे मोजून घेतलेलं एका कंपनीचं सॉफ्टवेअर इथेच अडून बसलं होतं. परवाना तपासायला त्याला नेट हवं, आणि मोबाइलला रेंज नाही. डोक्यावर मृग नक्षत्र, स्क्रीनवर गरगरणारं चक्र.

मग मी ‘नीना’ या सॉफ्टवेअरकडे वळलो. फुकट आहे, पण विंडोजवरच चालतं. मॅकवाल्यांनी केस्टार्स-एकोस बघावं. चौकट ठरवताना नीनाही आकाशाची चित्रं नेटवरून मागवतं, म्हणून ते काम घरीच उरकून लक्ष्य सेव्ह करून आणायचं. कॅमेरा कुठे रोखलाय हे ताऱ्यांवरून ओळखणारं अ‍ॅस्टॅप सोबत हवं. त्याची ताऱ्यांची यादीही आधीच उतरवून ठेवायची.

चौकटीचा हिशेब मात्र सॉफ्टवेअर निवडण्याआधी कागदावर करा. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंथ, गुणिले ५७.३, उत्तर अंशांत येतं. २२.३ मिमीचा सेन्सर आणि २०० मिमीची लेन्स असेल तर ६.४ अंश. देवयानी दीर्घिका लांबीला तीनेक अंश, म्हणजे ऐसपैस मावते. ६०० मिमीच्या दुर्बिणीला जेमतेम २.१ अंश मिळतात. तिथे तुकडे जोडण्याची सोय नसलेलं सॉफ्टवेअर, कितीही महाग असो, कुचकामी.

इथे ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २० अंशच वर, त्यात उत्तरेला अणुविद्युत केंद्राचे दिवे. नीनाचं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट प्लगइन ध्रुव न दिसताही जुळवणी करतं, त्यामुळे केंद्राकडे कॅमेरा वळवावा लागत नाही. तो वळवूही नये. नसती चौकशी मागे लागते. पूर्वेला बोईसर-तारापूर एमआयडीसीचा उजेड, म्हणून लक्ष्य माथ्यावरून समुद्राकडे कललं की मगच फोटोंची मालिका सुरू करायची.

लक्ष्य माथ्यावर कधी येईल ते नीना सांगतं, भरती सांगत नाही. ती कोळी बांधवांना विचारा, नाहीतर तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ तासांत मिळते. अमावास्येला आकाश सर्वांत काळं, आणि उधाणाचं पाणीही मध्यरात्रीच्या सुमारासच चढतं. लॅपटॉप तेवढा वर ठेवून भागत नाही, स्टँडसकट सगळा पसारा वर न्या. कारण पाच मीटरहून लांब साध्या यूएसबी केबलवर कॅमेऱ्याचा संपर्क मध्येच तुटू शकतो.