एक हेड गॅसकेट गेले, दुसऱ्याचे काय करावे?



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी यांविषयी वाचता. आजचा विषय इंजिनाचा आहे, पण तो उसाला सोडून नाही. उन्हाळ्यात उसाला 8 ते 10 दिवसांनी पाणी लागते. ज्यांची भिस्त डिझेल इंजिनावर आहे, त्यांचे इंजिन बसले की पाळी चुकलीच म्हणून समजा.

हेड आणि ब्लॉक यांच्या मध्ये गॅसकेट असते. सिलिंडरचा दाब, थंड करणारे पाणी आणि ऑइल यांना एकमेकांत मिसळू न देणे हे त्याचे काम. दोन सिलिंडरच्या काही इंजिनांना प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र हेड असते, म्हणजे गॅसकेटही दोन. त्यातले एक गेले तर दुसरे बदलायचे का? सगळ्या सिलिंडरांवर मिळून एकच हेड असेल, तर हा प्रश्न येत नाही.

माझीच चूक सांगतो. 2013 च्या उन्हाळ्यात दुष्काळामुळे आमच्या विहिरीचे पाणी खाली गेले होते. पंप हवा ओढून पाणी सोडायचा. इंजिनाला थंड करणारे पाणी त्याच पंपाचे, त्यामुळे इंजिन कोरडेच तापायचे. शेवटी एक गॅसकेट उडाले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, दुसरंबी काढू का?" मी म्हटलं, "चालतंय ना ते? राहू दे." गॅसकेटचे आणि मजुरीचे पैसे वाचले याचा आनंद झाला. तिसऱ्या आठवड्यात दुसरे गेले. पुन्हा इंजिन खोलले, पुन्हा मजुरी दिली आणि त्यात मिस्त्री चार दिवस मिळाला नाही. माळाकडचा खोडवा तोवर करपला. दुसऱ्यांना पाण्याचे नियोजन सांगणारा मी, घरचीच पाळी चुकवून बसलो.

चूक कुठे झाली? गॅसकेट का गेले, हे मी विचारलेच नाही. तापलेल्या इंजिनाची झळ दोन्ही सिलिंडरांना सारखीच बसलेली असते. बैलगाडीच्या एका चाकाची धाव सैल झाली तर आपण दुसरे चाकही हलवून बघतो. इथेही तेच करायचे.

दोन्ही बदलावीत, जर :

1) इंजिन तापून गॅसकेट गेले असेल. पंपाने पाणी सोडणे, फूट व्हॉल्व्ह गळणे, क्षार साचून पाण्याच्या वाटा बुजणे ही त्याची नेहमीची कारणे.

2) दोन्ही गॅसकेटे एकाच वेळी बसवलेली आणि सारखीच चाललेली असतील.

3) दुसऱ्या हेडखालूनही पाणी किंवा ऑइल पाझरत असेल, फुसफुस आवाज येत असेल, किंवा त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी लागत असेल.

4) दुसरे हेड कोणत्याही कारणाने उचलले असेल. एकदा दबलेले गॅसकेट पुन्हा नीट बसत नाही, ते परत वापरू नये.

दुसऱ्याला हात लावू नये, जर : ते अलीकडेच बसवलेले असेल, इंजिन तापलेले नसेल, आणि पहिले जाण्याचे कारण त्याच्यापुरतेच असेल, जसे नट सैल राहणे किंवा गॅसकेट वाकडे बसणे. "चालत्या कामाला हात लावू नये" हे जुन्या मिस्त्रींचे म्हणणे अगदीच खोटे नाही. गंजलेला स्टड तुटला तर नवेच काम निघते.

बसवताना : तापलेल्या इंजिनाचे हेड वाकले आहे का, हे सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून पाहावे. वाकलेल्या हेडखाली नवे गॅसकेटही टिकत नाही, ते आधी फेसिंग करून घ्यावे. गॅसकेट इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या जाडीचेच घ्यावे. जाडी बदलली तर कॉम्प्रेशन बदलते. जुन्या गॅसकेटचा कण पृष्ठभागावर राहू देऊ नये. नट एका दमात न आवळता समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने पुस्तकातल्या मापाइतके आवळावेत. हाताच्या अंदाजावर जाऊ नये. नंतर टॅपेट लावावेत. थोडे चालवल्यावर नट पुन्हा आवळायचे की नाही, हेही पुस्तकात पाहावे.

ऑइल ताकासारखे पांढरट दिसले तर इंजिन मुळीच चालवू नये. त्यात पाणी उतरलेले असते आणि बेअरिंग जाते. ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये.

आणि शेवटचे, पण खरे पाहता पहिले काम : ज्या कारणाने गॅसकेट गेले ते कारण आधी काढा. फूट व्हॉल्व्ह तसाच गळत ठेवला तर दोन्ही गॅसकेटे नवी घालूनही ती जायचीच. होळीच्या आत फूट व्हॉल्व्ह, पाण्याच्या वाटा आणि हेडचे नट एकदा तपासून घ्या. इंजिन चालू असताना बाहेर पडणाऱ्या पाण्याला मधूनमधून हात लावून बघत जा. ते नेहमीपेक्षा गरम लागले किंवा धार बारीक झाली, की इंजिन तिथेच बंद करा. त्या दिवसाची अर्धी पाळी राहिली तरी चालेल, पुढच्या दोन वाचतील.

आपला,
ऊस विकास अधिकारी