फसलेल्या मैफलींची आठवण

रंगलेली मैफल रसिकांच्या लक्षात राहते, हे उघड आहे. परंतु फसलेली मैफलही ते का जपून ठेवतात? 'ब्लॅक सॅबथ' या हेवी मेटल वाद्यवृंदाच्या चाहत्यांच्या आठवणी वाचताना मला हा प्रश्न पडला. त्यांची एकही मैफल मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. मामेभावाच्या मोबाईलवर गाणी ऐकली, एवढाच माझा अधिकार.

हा वृंद १९६८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात उभा राहिला. चौघेही कामगारांची मुले. गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली. तो डावखुरा; म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि हलक्या तारा वापरल्या. पुढे तारा सैल करून खालच्या स्वरात लावल्या. या संगीताचा जड, गंभीर नाद असा एका उणिवेतून घडत गेला.

रंगमंचावर मात्र या वृंदाचा भरवसा नसे. १९७८ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे गायक ऑझी ऑस्बर्न हॉटेलच्या भलत्याच खोलीत झोपून राहिला आणि कार्यक्रम रद्द करावा लागला. १९८३ च्या दौऱ्यात इयान गिलन हा गायक होता. गाण्यांचे शब्द पाठ नसल्याने त्याने ते कागदावर लिहून पायाशी ठेवले. पण रंगमंचावर सोडलेल्या धुराने कागदच दिसेनासे झाले! त्याच दौऱ्यासाठी केलेला 'स्टोनहेंज'च्या शिळांचा देखावा इतका अवाढव्य निघाला की बहुतेक सभागृहांत तो मावेना.

त्या वर्षीच्या रेडिंग महोत्सवातील कार्यक्रमाविषयी रसिकांत आजही दोन तट आहेत. कोणी त्याला फजिती म्हणतो, कोणी अविस्मरणीय म्हणतो. २०११ साली त्याचे ध्वनिमुद्रण अधिकृतपणे प्रसिद्ध झाले, तरी वाद मिटला नाही. यावरून मला वाटते की, ध्वनिमुद्रण चूक नेमकी दाखवते. आठवण मात्र त्या दिवशी आपण कोणाबरोबर, कोणत्या ओढीने तेथे गेलो होतो, हे सांगते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही साधने हवीत. एकाने दुसरे खोडून काढू नये.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र आले. पार्किन्सनच्या विकाराने ग्रासलेला ऑझी आसनावर बसूनच गायला. आवाज जागोजागी थकलेला होता. तरीही हजारो श्रोते त्याच्याबरोबर गात राहिले. २२ जुलैला त्याचे निधन झाले. त्या मैफलीत बेसूर किती होते, याचा हिशेब आता कोण मांडणार?

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी तिसऱ्याच मिनिटाला भाषण विसरून खाली उतरलो. शेतातली खुरपणी सोडून आई ऐकायला आली होती. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे ती शरम कित्येक दिवस मनात राहिली, आणि यंदा नाव द्यायचे नाही असे ठरवले होते. परवा आई शेजारणीला सांगत होती, "माइकवर त्याचं नाव पुकारलं, अन् समदी पोरं टाळ्या वाजवाय लागली." मी विसरलो, हे तिने सांगितलेच नाही.

यंदाच्या स्पर्धेसाठी मी नाव दिले आहे.