कुजाला ऑक्टोबरची छाटणी नको

वेलगुलाब लावला, मांडव हिरवागार झाला, पण कळीचा पत्ता नाही, ही तक्रार बाग करणाऱ्यांच्या तोंडी नेहमीची आहे. त्यावरचे सल्लेही ठरलेले: खत वाढवा, उन्हाची जागा द्या, आणखी कडक छाटा. उन्हाचा सल्ला चांगला आहे आणि खत बेतानं घातलं तर बिघडत नाही. तिसरा सल्ला मात्र दुखण्याचंच मूळ आहे. रानातून बागेत आलेला देशी वेलगुलाब फुलत नसेल, तर पहिला संशय आपल्या हातातल्या कात्रीवर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्रात पाऊस सरला की गुलाब छाटायचा, हा नेम पक्का आहे. ऑक्टोबरात फांद्या निम्म्यावर आणायच्या, शेणखत घालायचं, पाणी सुरू करायचं. दीडेक महिन्यात नव्या फुटव्यांच्या टोकांना कळ्या लागतात. हायब्रिड टीसाठी हे अगदी योग्य आहे, कारण तो नव्या फुटव्यावर फुलतो आणि पुन्हापुन्हा फुलतो. हा गुण त्याला चिनी गुलाबाकडून मिळाला. वसंताचा बहर ओसरला की पुढच्या फुटव्यांना फुलू न देणारं एक जनुक रानगुलाबात काम करत असतं. चिनी गुलाबात त्या जनुकामध्ये डीएनएचा एक तुकडा घुसला आणि तो लगाम सुटला, असं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आलं. हिमालयातल्या कुजाला, म्हणजे रोझा ब्रुनोनिईला, हा लगाम अजून आहे. साधारण १२०० ते २४०० मीटर उंचीवर हा वेल दहा मीटरपर्यंत झाडांवर चढतो आणि मे-जूनमध्ये पाच पाकळ्यांच्या, कस्तुरीच्या वासाच्या पांढऱ्या फुलांनी झाकून जातो. त्याची यंदाची लांब फांदी यंदा फक्त वाढते. पुढल्या वर्षी तिच्या अंगावर आखूड फुटवे येतात आणि गुच्छ लागतात ते त्यांना. म्हणजे ऑक्टोबरात आपण जी फांदी छाटून टाकतो, तिच्यातच येत्या बहराची फुलं असतात. छाटलेला वेल चिडल्यासारखा जोमानं फुटतो, आपल्याला वाटतं छाटणी मानवली, आणि पुढच्या ऑक्टोबरात आपण तीही वाढ कापतो. रानात त्याला कोणी हात लावत नाही, आणि तिथे तो दरवर्षी फुलतो.

याला वेल म्हणायचं तेही सवयीनं. काकडीच्या वेलासारखे ताणे याला नसतात. फांदी बोटांत धरून पाहिली तर काटे मागच्या बाजूला वळलेले दिसतात, आकड्यासारखे. फांदी शेजारच्या झाडात घुसते, वाऱ्यानं हलते, काटा सालीत अडकतो आणि ती मागे घसरत नाही. त्याचं चढणं ते एवढंच. बागेत हे काम आपण करायचं. फांदी सरळ उभी ठेवली तर टोकाचा कोंब खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो आणि फुलं शेंड्यालाच येतात. तीच फांदी कोवळी असताना हळूहळू आडवी वाकवून सुतळीनं सैल बांधली, तर तिच्या अंगावरचे डोळे जागोजाग फुटतात. फुलं वाढवण्यासाठी कात्रीपेक्षा ही सुतळी कितीतरी उपयोगाची.

छाटलं नाही तर वेल घर झाकून टाकेल, अशी शंका यावर निघते, आणि ती रास्त आहे. पण आखूड करणं वेगळं आणि विरळ करणं वेगळं. बहर संपल्या संपल्या सर्वांत जुन्या, लाकडाळलेल्या एक-दोन फांद्या बुडापासून काढाव्या आणि नव्यांना पूर्ण लांबी द्यावी. एवढी जागाच नसेल तर कुजा आणू नये. गॅलरीतल्या कुंडीत त्याला कोंबणं हा त्याचा छळ आहे. वर्षातून तीनचार आठवडेच फुलणारा गुलाब कशाला, असंही विचारतात. बहाव्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. शिवाय पाकळ्या झडल्यावर फुलं तशीच राहू दिली तर त्यांची लहान तांबूस फळं धरतात.

सर्वांत वजनदार आक्षेप ‘देशी’ या शब्दावरच आहे. कुजा हिमालयाचा, रोझा जायगँटिया मणिपूरकडच्या डोंगरांतला, रोझा लेशनॉल्टियाना निलगिरी-पळनीचा. यांतला एकही दख्खनच्या पठारावरचा नाही. आक्षेप मला मान्य आहे. भारतातला म्हणून पुण्या-नाशिकला फुलेलच, असं धरून चालू नये. महाबळेश्वरची उंची कुजाला जुळते, पण तिथला साडेपाच हजार मिलिमीटरांवरचा पाऊस त्याच्या मुळांना झेपेल असं गृहीत धरता येत नाही. लावायचाच तर उतारावर, पाणी न साचणाऱ्या जागी लावावा. उबदार हवेत जायगँटियाच्या संकरांकडे वळणं अधिक शहाणपणाचं. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी सनदी नोकरी सोडल्यावर उष्ण हवामानाचे गुलाब घडवण्याचं काम हाती घेतलं. ‘मणिपूर मॅजिक’ हा त्यांचा वेलगुलाब जायगँटियाच्याच घराण्यातला. मात्र कोणताही वेलगुलाब आणला तरी तो नव्या फांदीवर फुलतो की जुन्या, हे कळेपर्यंत, निदान पहिली दोन वर्षं, त्याला फक्त वाळकी फांदी काढण्यापुरती कात्री लावावी.

रोप घेतानाही एक धोका आहे. कलमाचा डोळा मरतो, खालचा खुंट जोमानं वाढतो आणि तोच ‘रानगुलाब’ म्हणून हाती येऊ शकतो. खुंटासाठी पुष्कळदा पूर्व आशियातला मल्टिफ्लोरा गुलाब वापरतात. त्याचीही पांढरी फुलं गुच्छांनीच येतात, म्हणून फूल पाहून फसगत होते. पैसे देण्याआधी पान उलटून पाहावं. देठाच्या बुडाशी दोन्ही अंगांना चिकटलेली लहान उपपर्णं असतात. मल्टिफ्लोराच्या उपपर्णांच्या कडा फणीच्या दातांसारख्या चिरलेल्या असतात. कुजाची उपपर्णं अरुंद, न चिरलेली असतात, आणि त्याच्या पानाच्या खालच्या बाजूला बोटाला मऊ लव लागते.