डोकं दुखत नाही त्या दिवसांचं काम

चि. मुक्ता हिस,


परवा फोनवर म्हणालीस, 'मावशी, पळायला गेले की डोकं उठतं, म्हणून व्यायाम बंदच केला.' एरवी खुर्चीत बसून असणारं माणूस उपाशीपोटी, उन्हात एकदम पळत सुटलं, तर अर्धशिशी उठायचीच. व्यायाम सोडू नकोस, घाई सोड.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी 91 रुग्णांचे तीन गट करून तीन महिने पाहिलं. 2011 मध्ये ते प्रसिद्ध झालं. एका गटाने व्यायाम केला, दुसऱ्याने अंग सैल सोडण्याचा सराव, तिसऱ्याने टोपिरामेट या औषधाच्या गोळ्या घेतल्या. अर्धशिशीचे झटके तिन्हीकडे कमी झाले. गटागटांत फारसा फरक पडला नाही. आता व्यायाम कसा होता ते बघ. आठवड्यातून तीनदा, 40 मिनिटं जागेवरची सायकल. त्यातली पहिली 15 मिनिटं नुसतं अंग तापवायला, 20 मिनिटं खरी मेहनत, शेवटची 5 मिनिटं हळूहळू थांबायला. तू ती पहिली 15 मिनिटंच गाळत होतीस.

सायकल नसली तर भरभर चाल. आधी थोडं खा, पाणी पी. अर्धशिशीवाल्या मेंदूला बदल सोसत नाही: जागरण, रविवारचं उशिरापर्यंत लोळणं, संकष्टीचा कडक उपास, सगळंच बाधतं. म्हणून झोपेची, जेवणाची, चालण्याची वेळ ठरलेली ठेव.

रात्री आडवी झालीस की जबडा, खांदे, मुठी एकेक करून आवळ आणि सैल सोड. मग संथ श्वास. योगही जरूर कर. दिल्लीच्या एम्समधल्या 2020 च्या अभ्यासात औषधांना योगाची जोड दिलेल्यांचे झटके आणि गोळ्या, दोन्ही नुसत्या औषधवाल्यांपेक्षा जास्त घटले. पण 'जोड' हे विसरू नकोस. डॉक्टरांची औषधं परस्पर बंद करायची नाहीत.

डोकं दुखायला लागलं की मात्र व्यायाम नाही. हालचालीने ठणका वाढतो. वेळेवर गोळी घे, अंधारात पड. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 दिवस लागू लागल्या, तर त्याच डोकेदुखी वाढवतात. तेव्हा डॉक्टरांना सांग. अचानक, कधी नव्हे एवढं भयंकर दुखलं, हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर तडक रुग्णालय गाठ.

आठवड्याभरात फरक दिसणार नाही. झटक्यांच्या तारखा लिहीत जा, तीन महिने दे आणि मगच मला सांग, व्यायाम सोडायचा की नाही.

तुझी,
मावशी